डोंगर वाट्याला आला

बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एक वाटणीचं भांडण आहे. कनान देशात आलेल्या इस्राएलच्या बारा वंशांत वतनाच्या चिठ्ठ्या टाकून झाल्यावर योसेफाच्या घराण्यातली माणसं, म्हणजे एफ्राइम आणि मनश्शे हे दोन वंश, त्यांचा पुढारी यहोशवा याच्यापुढे येऊन म्हणतात: आम्ही एवढी माणसं, आणि आमच्या पदरात एकच वाटा? यहोशवा म्हणतो, एवढे आहात तर वर रानात जा, झाडं तोडा आणि जागा करून घ्या. त्यावर ते म्हणतात, डोंगर आम्हाला पुरत नाही. आणि खाली सपाटीला जावं तर बेथ-शआनच्या आणि इज्रेल खोऱ्याच्या कनान्यांकडे, म्हणजे तिथल्या जुन्या रहिवाशांकडे, लोखंडी रथ आहेत.

खडकाळ तुकडा ज्याच्या वाट्याला येतो त्याचं म्हणणं कुठल्याही तलाठ्याला तोंडपाठ असेल. पण इस्राएलच्या वंशांनी आपली जमीन कशी वसवली हे समजून घ्यायचं तर माझ्या मते त्याच पुस्तकातल्या, इस्राएली लोकांपुढे चमत्काराने कोसळणाऱ्या यरीहोच्या तटापेक्षा हे भांडण जास्त उपयोगी आहे. त्यात उतार आहे, जंगल आहे, सपाटी आहे आणि सपाटीवर बसलेला बळकट शेजारी आहे. बाकीचा बराचसा इतिहास याच चार गोष्टींतून निघतो.

तटाची गोष्ट उरकून टाकू. यरीहोत कॅथलीन केनियन यांनी 1952 ते 1958 या काळात खोदकाम केलं. शहराचे मोठे तट पडले होते, पण ते इ.स.पू. 1550च्या सुमारास, वंशांच्या वसाहतीचा काळ त्यानंतर तीनेकशे वर्षांनी येतो. यहोशवाने जिंकलं असं सांगतात त्या आय या गावाचं तर नावच मुळी ‘पडीक ढिगारा’ अशा अर्थाचं. तिथे ज्युडिथ मार्के-क्राउझ यांना 1933 ते 1935 दरम्यान दिसलं, की इ.स.पू. 2400च्या आसपास ओस पडलेल्या जागेवर हजारेक वर्षांनी एक लहान खेडं बसलं आणि मधल्या काळात जिंकायला तिथे काही नव्हतंच. हासोर मात्र खरोखर जळालं, इ.स.पू. तेराव्या शतकात. सुमारे 200 एकरांवर पसरलेलं, कनानातलं सर्वांत मोठं शहर होतं ते. कोणी जाळलं यावर अजून वाद आहे.

पुरावा ठळक होतो तो खेड्यांत. 1967नंतर मधल्या डोंगररांगेची पायी पाहणी झाली: एफ्राइमच्या भागात इस्राएल फिंकेलश्टाइन, मनश्शेच्या भागात अ‍ॅडम झर्टल. खापऱ्या वेचत, टेकडी न् टेकडी पालथी घालत. जिथे आधी तुरळक वस्ती होती, तिथे इ.स.पू. 1200नंतर अडीचशेच्या घरात खेडी उगवलेली दिसली. बहुतेक एकरभराची, माणसं शंभराच्या आत-बाहेर, तट नाही, वाडा नाही, देऊळ नाही. मोठी शहरं ओसरत असताना ही खेडी वाढत होती.

त्याच सुमारास इजिप्तच्या मर्नेप्टाह राजाने एक विजयस्तंभ कोरून घेतला, इ.स.पू. 1208च्या आसपास. आधीच्या एका राजाच्या ग्रॅनाइटच्या शिळेची मागची बाजू त्याने वापरली. फ्लिंडर्स पेट्रीला ती 1896मध्ये थेबेसला सापडली. त्यावर अश्कलोन, गेजेर आणि यानोअम या नावांपुढे नगर-मुलखाचं चिन्ह आहे. ‘इस्राएल’पुढे मात्र बसलेला पुरुष, बसलेली स्त्री आणि अनेकवचनाच्या तीन रेघा. म्हणजे इजिप्तच्या लेखनिकाच्या लेखी हे गाव नव्हतं, मुलूख नव्हता, माणसं होती. इस्राएलचं बी उरलं नाही, असं पुढे लिहिलं आहे. बायबलबाहेर इस्राएल हे नाव पहिल्यांदा येतं ते असं, नष्ट झाल्याच्या बातमीत.

आता बायबलाची स्वतःची यादी पाहा. शास्ते या पुस्तकाचा पहिला अध्याय म्हणजे जे जमलं नाही त्याचा पंचनामा आहे. मनश्शेला बेथ-शआन, तानख, दोर, इब्लाम, मगिद्दो घेता आलं नाही. एफ्राइमला गेजेर नाही. बन्यामिनाला यरुशलेमचे यबूसी हलवता आले नाहीत. आशेराला अक्को, सीदोन, अकजीब नाही. यहूदाने डोंगर घेतला, पण खोऱ्यातल्या लोकांना हाकलता आलं नाही, कारण लोखंडी रथ. ही नावं नकाशावर टिंबांनी मांडली, की बहुतेक टिंबं सपाटीवर पडतात: इज्रेलचं खोरं, किनारा, आणि त्यांना जोडणारे रस्ते. वंशांचा डोंगर त्यांच्यामध्ये बेटासारखा उरतो. ही पुस्तकं घटनांनंतर काही शतकांनी आजच्या रूपात आली, तरीही त्यांनी ही यादी झाकली नाही.

या अध्यायात एक बारकावा आहे, घाईत वाचताना निसटणारा. एफ्राइम आणि जबुलून यांच्याबद्दल म्हटलंय, ‘कनानी त्यांच्यामध्ये राहिले.’ आशेर आणि नफताली यांच्याबद्दल शब्द फिरतात: ‘ते कनान्यांमध्ये राहिले.’ उत्तरेला गेलं की घरमालक आणि भाडेकरू यांची अदलाबदल होते. दानच्या बाबतीत तर अमोरी या तिथल्या जुन्या लोकांनी त्यांना डोंगरात रेटलं, खाली उतरूच दिलं नाही.

रथांना लोखंडी म्हटलं असलं तरी सबंध रथ लोखंडाचा असणं शक्य नाही. घोड्यांना तो ओढता आला नसता. त्या काळचा रथ वाकवलेल्या लाकडाचा आणि चामड्याचा, दोन माणसं उचलून नेतील इतका हलका. लोखंड असलंच तर जोडांवर आणि पट्ट्यांना. अशा रथाला सपाट, कोरडी जमीन लागते. डोंगरातल्या चुनखडीच्या पायऱ्यांवर त्याचं चाक पहिल्या शंभर पावलांत निखळेल. इज्रेलच्या खोऱ्यात तो राजा आहे, पण फक्त उन्हाळ्यात. तिथली जमीन काळी, चिकण, आपल्या कापसाच्या काळ्या रानासारखी: सुकली की भेगाळते, भिजली की पाय सोडत नाही. शास्ते पुस्तकातल्या दबोराच्या विजयगीतात किशोन नदी कनानी सेनापती सीसराच्या सैन्याला वाहून नेते. गद्यातल्या अध्यायात त्याचे रथ 900 मोजले आहेत. आकडा कवीचा नसला तरी मोठा वाटतो, पण पावसात काळ्या रानात चाकं रुतणं यात चमत्काराची गरज नाही. पावसाळी मातीत बैलगाडी घातलेल्या माणसाला हा युद्धाचा डावपेच समजावून सांगावा लागत नाही.

तर सपाटी गेली. उरला डोंगर, आणि डोंगरावर राहायचं तर त्याची कामं ठरलेली आहेत.

पहिली गोष्ट पाऊस. आपल्याकडच्याच्या उलटा: ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, हिवाळ्यात. मधल्या कण्यावर साधारण 500 ते 700 मिलिमीटर, आणि पूर्वेला यार्देन नदीकडे उतरलं की काही कोसांत तो 100-200वर येतो. मे ते सप्टेंबर थेंब नाही. मराठी बायबलात या पावसाच्या दोन टोकांना ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस म्हटलं आहे. भाषांतर मला फार आवडतं, थोडं वाकडं असूनही. आपला वळीव आगोटीच्या आधी येतो, तिथला हंगामाच्या शेवटी. पण महिना जवळपास तोच, मार्च-एप्रिल. आगोटीच्या पावसाने जमीन मऊ झाल्याशिवाय नांगर शिरत नाही, आणि वळवाचा चुकला तर गव्हाचा दाणा भरत नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात इजिप्तशी तुलना आहे: तिथे पायाने पाणी देऊन भाजीच्या मळ्यासारखी शेती व्हायची, इथली डोंगर-खोऱ्यांची जमीन आकाशातलं पाणी पिते. वाचताना ती बढाई वाटते. शेतकऱ्याने ती ऐकली तर काळजीच वाटेल.

दुसरी गोष्ट जंगल. सदाहरित ओक, पिस्ताच्या जातीचे वृक्ष आणि काटेरी झुडपं यांचं दाट रान. ते तोडलं की दोन गोष्टी एकदम होतात: जमीन मोकळी होते आणि माती सुटते. झाडाची मुळं गेली की पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत लाल माती ओढ्याला लागते, आणि खाली खडक उरतो. म्हणून तोडणीच्या मागोमाग ताल घालावीच लागते.

ताल म्हणजे उतारावर आडवी दगडी भिंत, गारा-चुना न लावता रचलेली, कोकणातल्या गडग्यासारखी. पाया थेट खडकावर लागतो. मातीवर ठेवलेला पाया पहिल्याच हिवाळ्यात सरकतो. भिंत किंचित डोंगराकडे झुकलेली, मोठे दगड खाली, आणि भिंतीच्या मागे आधी बारीक दगडगोट्यांचा थर, मग माती. हा थर चुकवला तर भिजलेली माती फुगते, पाण्याला वाट मिळत नाही आणि भिंत पोट काढून पुढे येते. ताल पडते ती बहुधा वरून भार आल्यामुळे नाही, मागून साठलेल्या पाण्यामुळे.

हिशोब करून पाहा. पाचास एक असा उतार धरला, तर मीटरभर उंच तालीमागे पाच मीटर रुंदीची सपाट पट्टी मिळते. गुंठाभर जमिनीला सुमारे 20 मीटर भिंत. ती 60 सेंटिमीटर जाड आणि पायासकट 1.2 मीटर उंच धरली, तर चौदा-साडेचौदा घनमीटर, म्हणजे पंचवीस-तीस टन दगड. गुंठ्याला! एकराला 800 मीटर भिंत. डोंगराची घडण मात्र थोडी मदत करते: तिथे कठीण चुनखडी आणि मऊ मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) यांचे थर एकाआड एक आहेत, मऊ थर झिजून आपोआप पायऱ्या पडतात, आणि माणूस त्या पायऱ्यांच्या कडेला भिंत लावतो. तरीही एका घराने हे एका पिढीत संपवावं असं काम नाही. आज यरुशलेमभोवती दिसणाऱ्या ताली बघून ‘हेच ते’ म्हणायचा मोह होतो. तालीमागच्या मातीतल्या वाळूच्या कणांना शेवटचा सूर्यप्रकाश कधी लागला हे मोजता येतं. त्या मोजणीत बहुतांश ताली फार अलीकडच्या, कित्येक तर गेल्या काही शतकांतल्या निघाल्या. भिंत पडते, पुन्हा रचली जाते, माती नवी होते. पहिल्या वसाहतवाल्यांनी सुरुवात बहुधा खोलगटीतल्या आयत्या मातीने केली असणार आणि ताली गरजेपुरत्या घातल्या असणार.

खेडी कुठे आधी बसली त्यातही हे दिसतं. मनश्शे आणि एफ्राइम या दोन्हीकडे जुनी वस्ती पूर्वेच्या, वाळवंटाच्या बाजूच्या अंगाला जास्त आहे: तिथे उतार सौम्य, धान्य पेरता येतं, शेळ्या-मेंढ्या चारता येतात. पश्चिमेच्या कड्याखाली, जिथे पाऊस चांगला पण उतार तीव्र, तिथे माणसं नंतर गेली. तिथलं पीक ऑलिव्ह आणि द्राक्ष. द्राक्षाला तीन-चार वर्षं लागतात, ऑलिव्हला त्याहून कितीतरी जास्त. तेवढी वर्षं खायला दुसरीकडून धान्य यावं लागतं, आणि तेल देऊन धान्य घ्यायचं तर खालच्या बाजाराशी बरं असावं लागतं. म्हणजे ज्यांच्याशी युद्ध, त्यांच्याशीच सौदा. (तेलावरून आठवलं: बायबलात ‘इस्राएल लोक’ आहे तिथे मूळ हिब्रूत बऱ्याचदा ‘बने यिस्राएल’ हे शब्द असतात. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवलेले बेने इस्रायल ते हेच नाव लावतात.)

घरं सांगायची तर, मागे एक आडवी खोली, तिला काटकोनात तीन लांब पट्टे, मध्ये दगडी खांबांच्या रांगा. बाजूचा पट्टा फरसबंद, तिथे जनावरं. माणसं बहुधा माडीवर. खालच्या उबेने वरचा हिवाळा सुसह्य होतो, आणि शेण गोळा करायला लांब जावं लागत नाही. अफेकजवळच्या इज्बेत सर्ता या खेड्यात, 1976 ते 1978च्या खोदकामात, आधीच्या थरातली घरं अंडाकृती रांगेत लागलेली आणि मध्ये मोकळं अंगण अशी दिसली. पाल टाकून मेंढरं मध्ये कोंडणाऱ्यांच्या तळाचा आकार तो. त्यावरून काही अभ्यासकांनी म्हटलं, की हे कालपर्यंतचे मेंढपाळ आज स्थिरावत होते. मला हे पटतं, पण सगळ्या डोंगराला एकच कुळकथा लावू नये. सपाटीवरच्या शहरांतून निसटलेले शेतकरीही त्यांत असणारच. भांडी तर सरळ कनानी वळणाची आहेत.

त्याच गावात नंतरच्या थरात एका मोठ्या घराभोवती चाळीसहून अधिक पेवं निघाली. आपल्याकडे हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे तंत्र परकं नाही. जमिनीत खड्डा, कडेला दगड, वर घट्ट झाकण. आतलं धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, कीड मरते. पण एकदा उघडलं की ते पेव सगळं उपसावं लागतं. अर्धं ठेवलं तर ओल आणि भुंगा. आणि उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, आतली हवा माणसालाही मारते. सहा माणसांच्या घराला वर्षाकाठी अंदाजे 1,200 किलो गहू-जव धरले तर सव्वा मीटर रुंद, दीड मीटर खोल असं एक पेव पुरतं. घराला एखादं पेव लागत असताना चाळीस पेवं असतील, तर धान्य साऱ्या गावाचं आणि वर विकायलाही.

पाण्याचा हिशोब जास्त कडक आहे. तीच सहा माणसं, वीस शेळ्या, 180 कोरडे दिवस: माणसांना दिवसाला 30 लिटर आणि शेळ्यांना 80 धरलं, तर 20,000 लिटर. 550 मिलिमीटर पावसातलं निम्मं पाणी हाती लागलं, तर त्यासाठी 70-75 चौरस मीटर खडक किंवा छप्पर गोळा करायला हवं. हौद बाटलीसारखा खोदायचा, तोंड अरुंद, पोट मोठं, म्हणजे ऊन आणि शेळी दोन्ही आत पडत नाहीत. मऊ खडूसारख्या दगडात तो तसाच पाणी धरतो. कठीण चुनखडीला भेगा असतात, तिथे चुन्याचा गिलावा लागतो, आणि चुना भाजायला लाकूड. तोडलेलं रान इथे कामी येतं. आय इथे तर तीन हौद एकमेकांना जोडून पाणी गाळत पुढे नेण्याची सोय सापडली. गिलाव्याच्या शोधामुळेच डोंगर वसला असं एकेकाळी सांगितलं जाई. ते टिकलं नाही. हौद त्याआधीही होते, आणि मनश्शेतल्या कितीतरी खेड्यांना हौदच नव्हते. ते लांबच्या झऱ्यावरून पाणी आणून रांजणात भरत. हा रांजण म्हणजे या काळाची खूणच: मीटरभर उंच, शंभराहून जास्त लिटर मावतील असा, मानेच्या बुडाशी एक उठावदार कड. तो दिसला की ‘इस्राएली गाव’ अशी चिठ्ठी लावायची पद्धत होती. पुढे तो यार्देनेपलीकडे आणि सपाटीवरच्या शहरांतही निघाला. रांजणाला जात नसते, गरज असते.

पीक आलं तरी ते घरात येईपर्यंत आपलं नाही. खळं उंचावर, वाऱ्याच्या तोंडावर लागतं, नाहीतर उफणणी होत नाही. आणि उंचावरचं खळं कोसावरून दिसतं. मिद्यानी हे वाळवंटाकडचे लुटारू उंटांवरून नेमके सुगीला येत. म्हणून शास्ते पुस्तकातला गिदोन गहू झोडतो तो द्राक्षकुंडात: खडकात कोरलेला तो खोलगट हौद, वारा नाही, जागा नाही, फक्त आडोसा. किती कमी धान्य उरलं होतं हे त्या एका तपशिलावरून कळतं. बैल घालून मळणी करण्याइतकं असतं तर कुंडात मावलंच नसतं.

लोखंडाचीही तीच रड. 1 शमुवेलच्या तेराव्या अध्यायात म्हटलंय, की इस्राएलात लोहारच नव्हता. फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायला किनारपट्टीवरच्या शत्रूंकडे, पलिष्ट्यांकडे उतरावं लागे. तिथे ‘पीम’ असा एक शब्द येतो, त्याचा अर्थ शतकानुशतकं कोणाला लागेना; काही भाषांतरकारांनी ‘कानस’ ठरवून टाकलं. मग खोदकामात ‘पीम’ कोरलेली लहान दगडी वजनं सापडली, पावणेआठ ग्रॅमच्या आसपासची, शेकेलच्या दोनतृतीयांश. म्हणजे तो फाळ पाजवायचा दर होता, तेवढी चांदी. ज्याच्याशी लढायचं त्यालाच हंगामाच्या तोंडावर मजुरी मोजायची.

आणि हे बारा वंश एकदिलाने नांदत होते असंही नाही. दबोराच्या गीतात हाक दिल्यावर एफ्राइम, बन्यामीन, माखीर, जबुलून, इस्साखार, नफताली आले. रऊबेन मेंढवाड्यात बसून विचार करत राहिला, गिलाद पलीकडेच थांबला, आशेर बंदरावर, दान जहाजांपाशी. यहूदा आणि शिमोन यांचं नावच नाही, ना स्तुतीत ना टोमण्यात. त्या गीताच्या कवीला बाराचा आकडा ठाऊक नव्हता, किंवा त्याच्या दृष्टीने यहूदा या गोतावळ्यात नव्हताच.

दानची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण डोंगरही पुरला नाही असा हा वंश. त्यांची चिठ्ठी निघाली होती पायथ्याच्या टेकड्यांत: सरा, अष्टावोल, तिम्ना, एक्रोन. खाली पलिष्टी, वर यहूदा. शेवटी त्यांनी पाच माणसं जमीन बघायला पाठवली. ती उत्तरेला, सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून दूर, लईशला पोचली. परत येऊन त्यांनी सांगितलं: लोक निवांत आहेत, सीदोनी लोकांसारखे बेफिकीर राहतात, सीदोन लांब आहे, मदतीला कोणी नाही. मग 600 हत्यारबंद माणसं निघाली. वाटेत एफ्राइमच्या डोंगरात त्यांनी मीखाच्या घरातली मूर्ती उचलली आणि त्याचा पुजारीही फोडला. पुढे चालताना बायकापोरं, गुरं आणि सामान त्यांनी पुढे घातलं, कारण धोका मागून येणार होता, ज्याला लुटलं त्याच्याकडून. मीखा मागे धावला, बळ पाहिलं आणि परत फिरला. लईश जाळलं, नाव दान ठेवलं. सांगणाऱ्याने कुठेही शाबासकी दिलेली नाही. त्या पुजाऱ्याची वंशावळ मोशेपर्यंत जाते हे लिहिताना नंतरच्या नकलनविसांनी मोशेच्या नावात एक ‘नून’ अक्षर ओळीच्या वर टांगून ठेवलं, म्हणजे ‘मनश्शे’ वाचावं. हस्तलिखितांत ते अक्षर अजून तसंच लटकतं.

तिथे पोचून त्यांना काय मिळालं ते पाहिलं तर एवढी पायपीट का केली ते समजतं. दान नदी यार्देनेची सर्वांत मोठी धार. वर्षाला सुमारे 24-25 कोटी घनमीटर पाणी, उन्हाळ्यातही. रांजण नको, हौद नको, वळवाची वाट नको.

अव्राहाम बिरान यांनी 1966पासून तेल दानमध्ये खोदकाम केलं. जुन्या कनानी तटबंदीच्या आत, इ.स.पू. बाराव्या शतकाच्या थरात, त्यांना नव्याने आलेल्या माणसांची पेवं मिळाली, दगडांनी कडा बांधलेली, आधीच्या शहराच्या थरांत खणलेली. त्यांत तेच मानेला कड असलेले रांजण होते. त्याच्या वरच्या थरात पेवं मागे पडतात आणि घरं एकमेकांना खेटून येतात. तो थर जळालेला आहे.